भोगीच्या आठवड्याचं पथ्य

रविवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत, आणि सांगलीत मावशीच्या स्वयंपाकघरात घरातली सगळी माणसं जमली आहेत. फरशीवर वर्तमानपत्रं पसरून त्यांवर मेथी, चाकवत, गाजरं, पावट्याच्या शेंगा आणि ओला हरभरा ओतलाय. काका लसूण सोलतायत. दादा बाह्या दुमडून ओट्यापाशी उभा आहे. आजी, म्हणजे मावशीच्या सासूबाई, दाराजवळ पाटावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलतायत. वहिनीच्या मांडीवर लेकीची गणिताची जुनी वही आहे. मागच्या कोऱ्या पानावर तिनं सात वारांचे सात रकाने आखलेत. परवा मंगळवारी भोगी, बुधवारी संक्रांत. सणाचा आठवडा धरून घरानं पथ्याचा आठवडा ठरवायचाय.

मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत आहे. तिचे दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात.

तिला आमवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. वयानुसार गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तिथे दाह होतो, सूज येते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दुप्पट-तिप्पट आढळतो. मावशी पाण्यातून हात काढून पंच्याला पुसते तेव्हा मी जवळून बघते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी दोन उंचवटे आहेत, त्यांवरची कातडी ताणून चकचकीत झालीय. सूज आली की रुततात म्हणून बांगड्या काढून ठेवल्यात. ती मूठ वळायचा प्रयत्न करते, बोटं अर्ध्यावर येऊन थांबतात, तळहाताला टेकत नाहीत. सकाळचे पहिले दीड-दोन तास असेच जातात, मग बोटं सैल होत जातात. या हातांनी ती आत्ताआत्तापर्यंत सहा माणसांच्या भाकऱ्या थापत होती.

आज तिला मळमळतंयही. मेथोट्रेक्सेट हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि तिचा वार शनिवार. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक शनिवारभोवती काकांनी लाल गोल काढलाय, कारण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. गोळीनंतरचा दिवस असा जातो: तोंडाला चव नाही, फोडणीचा वास नको. म्हणून वहिनी रकाने भरायला सुरुवात करते ती शेवटून. रविवारच्या चौकोनात लिहिते, ‘मऊ भात, मुगाचं वरण, वर आल्याचा कीस.’ मावशी मान डोलावते. आठवडाभराच्या जेवणाचं नियोजन औषधाच्या वारापासून सुरू करायचं, हे मला कुठल्या आहारतक्त्यात वाचायला मिळालेलं नाही. इथे ते दोन मिनिटांत ठरतं, कारण ठरवणाऱ्यांनी मागचे रविवार पाहिलेत.

आहारतक्ता घरात आहे. दादानं कुठूनतरी छापून आणलाय, फ्रिजवर चुंबकानं लावलाय. दाह कमी करणारा सात दिवसांचा आहार. सोमवारी कीनवा आणि केल, मंगळवारी सामन मासा, रोज मूठभर ब्लूबेरी, सगळ्यावर ऑलिव्हचं तेल. वहिनी तो काढून माझ्या हातात देते. प्रत्येक पदार्थापुढे ‘तयारीला ३० मिनिटं’ असं लिहिलंय. ती ३० मिनिटं कुणाची, ते लिहिलेलं नाही.

त्या तक्त्यामागचा विचार खोटा नाही, हे सांगितलं पाहिजे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली आमवाताच्या रुग्णांसाठी आहाराबद्दल मार्गदर्शन केलं, त्यात औषधांच्या जोडीला भूमध्यसागरी पद्धतीचं जेवण सुचवलंय: भरपूर भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, सुका मेवा, ऑलिव्हचं तेल, साखर आणि कारखान्यात प्रक्रिया झालेले पदार्थ कमी. तीही सौम्य शिफारस आहे, ठाम आज्ञा नव्हे; आणि पूरक गोळ्या-कॅप्सूल घेऊ नयेत याकडेच त्या संघटनेचा कल आहे. पण भूमध्यसागराच्या काठचं जेवण म्हणजे तिथल्या माणसांच्या दारात पिकणारं जेवण. कृष्णाकाठी दारात काय पिकतं, ते आत्ता या फरशीवर पसरलंय.

“ब्लूबेरीच्या जागी काय लिहू?” वहिनी विचारते.

“द्राक्षं,” काका लसणातून डोकं वर न काढता म्हणतात. “तासगावची काळी येतील आता. तोवर आटपाडीचं डाळिंब आहे, पेरू आहे.”

“बोरं!” त्यांची नात ओरडते.

सगळं लिहिलं जातं. काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि डाळिंबाच्या दाण्यांत जे गडद रंगद्रव्य असतं, ते ब्लूबेरीतल्या रंगाच्याच कुळातलं. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट. ऑलिव्हच्या तेलाची महती ज्या ओलेइक आम्लामुळे सांगतात, ते शेंगदाण्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास असतं, आणि घाण्यावरचं शेंगतेल या घरात पिढ्यान् पिढ्या येतंय. कीनवा खोडून तिथे ज्वारी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, बाजरी-नाचणीत त्याहून थोडे जास्त, आणि पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाहीत. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू ते खातात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात ती आतड्याच्या अस्तराला पोसतात, दाहाला आवर घालतात. भाकरीचा हा गुण तोंडाला कळत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

मग वहिनी फोनवर एक चित्र काढून सगळ्यांना दाखवते. हैदराबादच्या याच संस्थेनं २०२४ मध्ये नवी आहारतत्त्वं प्रसिद्ध केली, त्यातलं दिवसभराचं ताट. २००० कॅलरींच्या हिशेबानं माणशी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस, ३५ ग्रॅम तेलबिया आणि दाणे, १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाजी.

“चारशे?” आजी विचारतात. “एकट्याला?”

नात वजनकाटा आणते. वहिनी मेथीची जुडी निवडते. देठं, मुळं, पिवळी पानं बाजूला जातात आणि हिरवागार ढीग काट्यावर चढतो. भरगच्च दिसणाऱ्या जुडीतून निवडलेला पाला निघतो तो ओंजळ-दोन ओंजळ. नात काट्यावरचा आकडा वाचते आणि वहीत गुणाकार मांडते: सहा माणसं, रोज २ किलो ४०० ग्रॅम. खोली गप्प होते. कालच्या बाजारातून पिशवी भरून आणलेली भाजी दोन दिवसही पुरणार नाही, हे सगळ्यांना एकदमच दिसतं. दुसरी गोष्टही दिसते, ती मावशी बोलून दाखवते.

“अडीच किलो भाजी रोज निवडायची, धुवायची, चिरायची. मला विळीवर बसता येत नाही, सुरी धरता येत नाही. वहिनी शाळेतून यायची संध्याकाळी सहाला.” सुनेला ती नातीच्या आणि माझ्या देखत वहिनीच म्हणते. “कागदावर पथ्य सोपं असतं गं.”

मला वाटतं, पथ्याच्या आठवड्याचं खरं दुखणं हे आहे. दाह कमी करणारं जेवण म्हणजे ताजं, घरी रांधलेलं, निवडून-सोलून-दळून केलेलं जेवण. आणि आपल्या बहुतेक घरांत ते रांधणारे हात दुखणाऱ्या बाईचेच असतात. तिला भाकरी चांगली म्हणून सांगायचं आणि ती भाकरी तिनंच थापायची. पाव-बिस्किटांवर घर का जातं, याचं कारण दर वेळी जिभेत शोधू नये.

काका सोललेल्या लसणाची वाटी पुढे सरकवतात. “निवडणं माझ्याकडे,” ते म्हणतात. “रोज दुपारी. मला बातम्या ऐकायच्याच असतात.” वहिनी ते लिहून घेते. त्यांच्या सोयीसाठी भाज्यांची आलटापालट होते: मेथी आणि चाकवत आठवड्यातून दोन-दोनदाच, बाकीचे दिवस कोबी, भोपळा, गाजर, दुधी, शेवग्याच्या शेंगा, ज्यांना निवडायला वेळ लागत नाही. एका वेळेला कोशिंबीर, म्हणजे नुसतं किसायचं काम. चारशे ग्रॅम रोज जमेल असं नाही. पण आत्ता या घरात माणशी वाटीभर भाजी पानात पडते, ती दुप्पट झाली तरी ताटाचं रूप बदलेल.

आता ओट्यापाशी परात येते. दादाची परीक्षा आहे.

मावशी खुर्ची ओढून घ्यायला सांगते आणि परातीजवळ येऊन बसते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, म्हणून ते कढत पाण्यानं भिजवायचं आणि तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं. दादा पिठात आळं करून पाणी ओततो, उलथन्यानं कालवतो, चटका सोसत हात घालतो.

“बोटांनी नको कुस्करू. टाचेनं. पुढे ढकल आणि मागे ओढ. पुढे ढकल.”

“किती वेळ?”

“भेग जाईपर्यंत.”

त्याच्या मनगटाच्या शिरा वर येतात. सुरुवातीला गोळा तुटतोय, कडा फाटतायत. मावशी पुढे झुकून पिठाला एका बोटानं स्पर्श करते. “पीठ ताजं आहे, विरी आहे त्याला. जुनं पीठ असतं तर तुला थापताच आली नसती. अजून रगड.” हळूहळू गोळ्याला मऊ तकाकी येते. पहिली भाकरी थापताना ती काठाला चिरते, दुसरी परातीला चिकटते. तिसरी तव्यावर जाते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटल्यावर विस्तवाशी धरताच मधोमध टम्म फुगते. नात टाळ्या पिटते. मावशीच्या चेहऱ्यावरची मळमळ क्षणभर नाहीशी होते, आणि तिची बोटं मांडीवर आपोआप थापल्यासारखी हलतात. दादाला दरदरून घाम आलाय. एका भाकरीला केवढं बळ लागतं, ते त्याच्या खांद्यांना आज कळतंय. वहीत सोमवार, गुरुवार आणि शनिवार या तीन वारांखाली ‘भाकरी: दादा’ असं नातीच्या अक्षरात उमटतं. भाकरीच्या बाकीच्या दोन दिवशी वहिनी. भाकरी शिळी चालते, दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून तर मावशीला जास्तच आवडते, हेही ठरतं.

साडेदहाला शेजारच्या काकू येतात. हातात एक बाटली.

“माझ्या जावयानं पाठवल्यात,” त्या मावशीला सांगतात. “हळदीच्या कॅप्सूल. माझ्या गुडघ्यांचं दुखणं निम्मं राहिलं बघा. तुम्हीही घ्या, हळदच तर आहे.”

सांगलीत हळदीविरुद्ध कोण बोलणार? हे गावच हळदीच्या बाजाराचं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली, राजापुरी हळदीचे सौदे मार्केट यार्डात चालतात, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या सीएसआयआर या संशोधन संस्थेचे प्रमुख होते तिनं जुने ग्रंथ पुढे करून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. इथे ही गोष्ट शाळकरी पोरंही सांगतात.

वहिनी बाटली उजेडाकडे धरून वाचते. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन, शिवाय मिऱ्यातलं पिपरिन. ती हिशेब मोठ्यानं मांडते. हळदपुडीत कर्क्युमिन असतं वजनाच्या तीनेक टक्के. म्हणजे या एका कॅप्सूलइतकं कर्क्युमिन हळदीतून घ्यायचं तर चहाचे पाच चमचे हळद खावी लागेल. वर पिपरिन. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं की कर्क्युमिनबरोबर पिपरिन दिलं तर ते रक्तात वीसपट चढतं. एवढी मात्रा ही मसाल्याची मात्रा उरत नाही, ती औषधाची होते.

“आणि आईंची गोळी यकृतावर भार टाकते,” वहिनी सांगते. “त्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त तपासतो आपण. अशा कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.”

काकू जरा हिरमुसतात. मावशी त्यांना जवळ बसवून घेते, बाटली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवायला लावते आणि म्हणते, “पुढच्या भेटीला डॉक्टरांना दाखवते. तुमचं प्रेम आहे ते.” मग काकूंना चहा मिळतो. वहीत हळदीसाठी वेगळा रकाना लागत नाही. ती रोजच्या फोडणीत, तेलात, मिऱ्या-मसाल्यासोबत जातेच. कर्क्युमिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही, त्यामुळे फोडणी ही तिची योग्य जागा आहे. आणि या दिवसांत मिळणाऱ्या ओल्या हळदीचं लिंबू-आलं घातलेलं लोणचं आजी उद्या करणार आहेत. किसताना नातीची बोटं पिवळी होणार, ती त्यासाठी आत्तापासून खूश आहे.

भोगीवर मात्र अडतं.

“भाजीत वांगं नको,” आजी सांगतात. “वातूळ. तिला बाधतं.”

“तक्त्यातही तेच आहे,” दादा म्हणतो. “वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची, सगळं बंद लिहिलंय.”

पंच्याऐंशीच्या आजी आणि छापील तक्ता, दोघांचं एकमत झालेलं पाहून काका हात टेकतात. पण मावशी ऐकायला तयार नाही. कृष्णाकाठची वांगी, ती काय साधी वांगी आहेत? मळीच्या जमिनीतली, पातळ सालीची, शिजली की लोण्यासारखी. वांग्याशिवाय भोगी तिनं उभ्या जन्मात केलेली नाही.

ती कॅलेंडर काढायला लावते. त्यावर गेल्या दिवाळीपासून ती रोज संध्याकाळी एक आकडा लिहितेय: दुखणं दहापैकी किती. खाली बारीक अक्षरात त्या दिवशी वेगळं काय खाल्लं ते. मी तिच्याबरोबर पानं उलटते. भरली वांगी खाल्लेले दिवस आहेत, त्यांच्या दुसऱ्या दिवशीचे आकडे कधी चढलेले, कधी उतरलेले, कधी जिथल्या तिथे. चढलेल्या आकड्यांजवळ वारंवार दिसतं ते वेगळंच: ‘झोप नाही’, ‘लग्नघर, जागरण’, ‘गोळी चुकली’. हा आजार आपणहून भरती-ओहोटी दाखवतो, आणि नेमकं त्या वेळी पानात जे असेल त्याच्यावर आळ येतो. वांग्या-टोमॅटोनं आमवात वाढतो असं सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाही. एखाद्याला एखादी गोष्ट सोसत नसेल, तर तीन-चार आठवडे ती बंद ठेवून पुन्हा खाऊन बघावी, पण एका वेळी एकच. सगळ्या भाज्या एकदम बंद केल्या तर माणसाला कशानं बरं वाटलं ते कळत नाही, आणि ताट मात्र उघडं पडतं.

आजी कॅलेंडराकडे बघतात, मग मावशीकडे. “बरं,” त्या म्हणतात. “पण बिया कमी असलेली कोवळी घ्या.”

भोगीची भाजी मंगळवारच्या रकान्यात जाते, आणि मी तो रकाना वाचत राहते. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, ओल्या शेंगा, बोरं, तिळाचं कूट, कांदा-लसूण मसाला. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मुगाची खिचडी. पाच-सहा रंगांच्या भाज्या, दोन-तीन शेंगवर्गी दाणे, तेलबिया, भरड धान्य. आहारतज्ज्ञ जे ताट समजावून सांगताना थकतात, ते आपल्या सणानं थंडीच्या एका दिवसासाठी जसंच्या तसं लावून ठेवलंय. माझी तर सूचना आहे की तीळ आणि बोरं असेपर्यंत ही भाजी दर आठवड्याला व्हावी. वहिनी पुढच्या मंगळवारीही तेच लिहून टाकते.

संक्रांतीच्या गुळपोळीवर वाद होत नाही. गूळ साखरेपेक्षा चवीला चांगला, पण शरीराच्या हिशेबात तोही साखरच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. मावशी एक पोळी खाणार, तूप लावून, मनापासून. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. सण टाकून पाळलेलं पथ्य संक्रांतीच्या पुढे टिकत नाही.

शुक्रवारी बांगडा. रत्नागिरीकडून येतो, सामनच्या मानानं किती स्वस्त, आणि दाहावर ज्या ओमेगा-३ मेदाम्लांचा थोडाफार उपयोग अभ्यासांत दिसलाय ती त्यात भरपूर. तव्यावर थोड्या तेलात, सोबत भात आणि सोलकढी. आजी खात नाहीत, त्यांना अंबाडीची भाजी. रविवारचं मटण दोन आठवड्यांतून एकदा, असं काका स्वतःच जाहीर करतात. ते सोपं नाही त्यांना, सगळ्यांना ठाऊक आहे.

मग वहिनी ओट्याखालून तळणाच्या तेलाचा डबा बाहेर काढते. काळपट, दाट, दिवाळीपासून पुन्हा पुन्हा तापलेलं. वारंवार तापवलेल्या तेलात जे घातक घटक साचतात त्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २५ टक्क्यांची मर्यादा घातलीय, ती हॉटेलवाल्यांसाठी. घरच्या डब्याला कोण तपासणार? ते तेल बाटलीत भरून टाकून द्यायला बाजूला ठेवलं जातं. काकांचं भडंग मात्र राहतं. सांगलीत राहून भडंग सोडायचं कसं? वहिनी ते घरी करणार: तेल अर्धं, दाणे दुप्पट, लसूण आणि कढीपत्ता सढळ हातानं.

बारा वाजत आलेत. मावशीची बोटं आता बरीच सैल झाली आहेत. ती उठते आणि ओट्याकडे जाते. कुणी काही म्हणायच्या आत ती कढई ठेवायला सांगते आणि जवस ओतते.

“सगळं तुम्हीच करणार, मग मी काय करू? मला बसवून ठेवू नका. फोडणी माझी आणि चटण्या माझ्या.”

तिचं म्हणणं खरं आहे. सूज नसेल तेव्हा सांधे हलते राहिलेच पाहिजेत. उलथन्याच्या दांड्यावर दादानं जुन्या सायकलच्या मुठीचं रबर चढवलंय, त्यामुळे पकड जाड झालीय आणि बोटं पूर्ण वळवावी लागत नाहीत. मंद आचेवर जवस तडतडायला लागतात, एखादा दाणा उडून ओट्यावर पडतो, भाजका तेलकट वास सुटतो. मावशी एक दाणा दातांखाली धरून बघते, गॅस बंद करते. अख्खे जवस न पचताच बाहेर पडतात, म्हणून दळायचेच; आणि दळलेल्या जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतेच. लसूण, सुकी मिरची, मीठ घालून वहिनी मिक्सर फिरवते. माशांइतका नाही, पण ओमेगा-३ चा हा शाकाहारी वाटा. रोज चमचाभर प्रत्येकाच्या पानात. चटणी भरायची कशात? झाकण फिरवून घट्ट बसणारी काचेची बरणी मावशीला सकाळी उघडत नाही. वहिनी सैल झाकणाचा स्टीलचा डबा घेते. नाचणीचं पीठ, भाजलेले तीळ, आवळ्याची सुपारी, सगळं अशाच डब्यांत, कमरेच्या उंचीच्या फळीवर हलवलं जातं.

वही माझ्यासमोर उघडी आहे. वरच्या ओळीत पदार्थ, आणि खाली वहिनीनं आखलेली दुसरी ओळ: कोण करणार. निवडणं काका. भाकरी दादा, वहिनी. किसणं, वजनं करणं नात. लोणचं आजी. फोडणी आणि चटणी मावशी. शनिवारच्या चौकोनात लाल गोल, आणि त्याखाली ‘गोळीची आठवण: सगळ्यांनी.’

तुमच्या घरात आमवाताचं माणूस असेल, तर एक विनंती आहे. औषध बंद करून पथ्यावर भिस्त ठेवू नका. गोळ्या डॉक्टरांच्याच सल्ल्यानं कमी होतील. आणि पथ्याचा आठवडा आखाल तेव्हा पदार्थाच्या नावाखाली करणाऱ्याचं नावही लिहा. सातही रकान्यांत त्या दुखणाऱ्या माणसाचंच नाव येत असेल, तर पान फाडा आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून पुन्हा आखा.